छत्रीकाकांचा आकडा

‘खाऊ नका. फेकून द्या.’

चारच शब्द, आणि ते गट तपासणारीखेरीज कोणालाच दिसत नव्हते. लिहिणारीचं खातं सहा मिनिटांपूर्वी उघडलेलं, विश्वासाचे गुण शून्य. शून्यवाल्यांचं लिखाण तपासणारीने बघितल्याशिवाय अळंबीच्या गटावर जात नसे.

गटावर दिसत होतं ते वेगळंच. एका बाईने चाळणीतल्या अळंब्यांचा फोटो टाकला होता. ‘घरामागे उगवल्यात. वरून पांढऱ्या, खालून गुलाबी. चालतील ना? लवकर सांगा, कढई तापलीय आणि पोरं जीव खातायत.’ खाली उत्तर होतं: ‘खालून गुलाबी म्हणजे चांगल्या. बिनधास्त खा.’ उत्तर देणारे छत्रीकाका. गुण अठ्ठ्याण्णव. अकरा वर्षांत माणूस एकदाही चुकला नव्हता.

“उडव की,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. “शून्याने अठ्ठ्याण्णवला खोडलं की पुसायचं. नियम तुझाच आहे, बाई.”

नियम तिचाच होता. पण या अळंबीची एक जुळी बहीण असते, खालून पांढरी. ती पोटात गेली तर त्या दुपारी काहीच होत नाही. होतं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फारसं उरलेलं नसतं.

तिने शून्याला विचारलं, ‘कशावरून म्हणता?’

‘बाबांना दिसत नाही.’

‘कोणाच्या बाबांना?’

‘माझ्या. तुमच्या छत्रीकाकांना. आठ महिने झाले, दोन्ही डोळे गेले. फोटोत काय आहे ते मी सांगते, मग ते उत्तर देतात. आज मी बाजारात आलेय. फोनने त्यांना नुसता मजकूर वाचून दाखवला. तुम्ही चाळणी बघा.’

“परवा एकजण मंत्र्याचा मेहुणा निघाला होता,” सहकारी तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला. “आज ही काकांची लेक.”

तिने फोटो मोठा केला. चाळणी लाल प्लॅस्टिकची होती, खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर आलेलं. अळंबीच्या छत्रीखालच्या बारीक चुण्या गुलाबी दिसत होत्या खऱ्या. पण एक अळंबी घरंगळून बाहेर ओट्यावर उलटी पडली होती. ती खालून खडूसारखी पांढरी होती.

सहकाऱ्याने मान मागे घेतली.

तिने गटावर इशारा टाकला. कोणी वाचेना. बाईच्या खात्यात फोन नंबर होता, तो लावला. सहा वेळा वाजला.

“हॅलो, कोण?”

“अळंबीच्या गटावरून बोलतेय. कोणी खाल्लं का?”

“वाढलंय आत्ताच. गरम आहे म्हणून फुंकत बसलेत. का हो? काका तर म्हणाले—”

“ताटं ओढा. आधी ताटं ओढा.”

मग भांडी आदळली आणि एका पोराने भोकाड पसरलं.

“एक घाससुद्धा नाही ना गेला?”

“नाही. नाही हो. कोणाचाच नाही.” बाईचा आवाज फाटला होता. मागे पोरगं रडतच होतं. तपासणारीने फोन ठेवला नाही. ते रडणं थांबेपर्यंत ऐकत बसली.

मग तिने छत्रीकाकांचं खातं उघडलं. लेकीचा निरोप येऊन पडला होता: ‘एक विनंती आहे. बाबांचे गुण कापू नका. रोज संध्याकाळी पहिला प्रश्न तोच असतो, आज आकडा किती? मी वाचून दाखवते. तेवढंच उरलंय त्यांना.’

तिने अठ्ठ्याण्णव पुसले आणि शून्य लिहिलं. लेकीला कळवलं, ‘उद्या दुसरं कोणी विचारेल. आकडा ठेवता येणार नाही. माफ करा.’

आता राहिलं होतं लेकीचं खातं. तिच्या नावापुढे किती गुण मांडावेत, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात निरोप आला. पुन्हा चारच शब्द.

‘चालेल. आकडा मीच वाचते.’