घडलेला हात

तापलेल्या वाळूच्या परातीत महिपतीने उजवा हात मनगटापर्यंत खुपसला आणि वस्ताद कोंडाजींकडे पाहिले.

"भाजतंय?"

"न्हाई, आबा."

"खोटं बोलशील तर तुजंच नुकसान हाय."

"खरंच न्हाई. कोमट पान्यात घातल्यागत वाटतंय."

वृद्ध वस्तादांचा चेहरा उजळला. उर्से गावच्या तालमीत त्यांनी कित्येकांचे हात घडवले होते. आधी वाळूवर मुठी मारायच्या, मग हरभऱ्यांवर, मग पवना नदीतल्या गोट्यांवर. आणि रोज तिळाच्या तेलाने मर्दन. हात आधी बोंबलतो, पुढे नुसता कुरकुरतो, असे ते सांगत. ज्या दिवशी तो गप्प बसेल, त्या दिवशी तो घडला. इतका गप्प हात त्यांना आजवर कुणाचाच लाभला नव्हता.

"ह्येला चिमटा काडून बगा रं," कुणी तरी म्हणाले.

"चिमट्यानं काय व्हतंय?" दत्तोबा परातीपाशी वाकला. "लोहाराकडची सांडशी आना!"

तालीम हसली. महिपतीही ओशाळून हसला. तो मुळातच अबोल होता. मनातले बोलण्यापेक्षा ते मुठीत आवळून धरणे त्याला सोपे जाई.

गेल्या जत्रेत मुठींच्या सामन्यात नवलाख उंबरे गावच्या भिमाजीने त्याच्या थोरल्या भावाचा, हौशीरामाचा, जबडा एका ठोशाने मोडला होता. घाटात विजेची इंजिने नुकतीच धावू लागली होती आणि लोणावळ्याला रेल्वेत हौशीरामाची मुकादमी जवळजवळ ठरली होती. ती गेली. आता तो पेज पिऊन दिवस काढी, आणि त्याचे बोलणे फक्त आईला उमजे. महिपतीने त्याच्या पायांना हात लावून शपथ घेतली होती की येत्या जत्रेत भिमाजीचा जबडा असाच मोडीन.

एका संध्याकाळी चुलीवरचा तवा त्याने फडक्यावाचून उतरवला. त्याची आई कस्तुराबाई धावत आली.

"आरं, बोटं पोळली की! तुला कळलं कसं न्हाई?"

"हात घडलाय, आये."

"जळो त्यो घडला! ही करंगळी बगितलीस? वाकडी दिसती."

"मूठ आवळून आवळून झाली आसंल."

तिने पोळलेल्या बोटांना लोणी लावले.

मग तो गोठ्यात गेला. तांबड्या वासराच्या मानेवरून त्याने हात फिरवला. वासरू सुखाने मान ताणत होते, त्याची लव हाताखाली लवत होती; हे सारे त्याला दिसत होते. तळव्यापर्यंत मात्र त्यातले काहीच पोचत नव्हते. त्याला उगाचच भरून आले. शपथेचे मोल असेच चुकवायचे असेल, असे त्याने स्वतःला समजावले, आणि हात मागे घेतला.

चैत्रात जत्रा भरली. हलगी कडाडली आणि माणसांच्या कड्यात महिपती व भिमाजी समोरासमोर उभे राहिले. पूर्वी कुणी तरी मुठीत शिशाचा तुकडा दडवला होता. तेव्हापासून सामन्याआधी एकमेकांचा पंजा पंचांदेखत तपासून पाहण्याची रीत पडली होती. भिमाजीने महिपतीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. महिपती त्याच्या जबड्याकडे टक लावून पाहत होता.

भिमाजीने तो पंजा चाचपला आणि तो थांबला. खालमानेने त्याने तळव्याशी काही तरी केले. मग मान वर केली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"मी लडत न्हाई," तो पंचांना म्हणाला. "ह्यो जितला."

मग एकच गिल्ला झाला.

"भ्याला! भिमाजी भ्याला!"

"नुसता हात धरून गार झाला की रं गडी!"

गुलाल उधळला गेला. कोंडाजींना पोरांनी खांद्यावर घेतले. गर्दीच्या कडेला उभा असलेला हौशीराम रडत होता. महिपतीच्या मुठीत न मारलेला ठोसा तसाच राहिला. गुलालाने माखलेल्या अंगानेच तो भिमाजीला शोधत निघाला.

भिमाजी देवळामागे, बारवेच्या पायरीवर एकटाच बसला होता.

"ऊठ," महिपती म्हणाला. "गुलालानं माज्या भावाचा जबडा सांदत न्हाई."

"बस जरा."

"बसाया आलो न्हाई. भ्यालास व्हय?"

"व्हय. भ्यालो." भिमाजीने मूठ उघडली. तीत बोटभर लांबीचा, रक्ताने माखलेला बाभळीचा काटा होता. "तुज्या तळव्यातनं उपटला. तू माज्याकडं बगत हुतास. तुजी पापनीबी हलली न्हाई."

महिपतीने तळवा उलटून पाहिला. गुलालात ओले रक्त मिसळले होते.

"हात घडलाय माजा," तो म्हणाला.

"माज्या थोरल्या भावाचाबी घडला हुता. आमी गावभर गूळ वाटला. बोटं झडाया लागली तवा कळलं. आता त्यो गावाभाईर खोपटात ऱ्हातो. मी भाकरी लांबनं ठिवून येतो."

"खोटं! लडायचं टाळतोस तू."

"खोटं आसंल तर देवाची किरपा." भिमाजी उठून समोर आला. "डोळं मीट अन् हात म्होरं कर. मी कंचं बोट धरलंय त्येवडं सांग. बराबर सांगितलंस, तर हितंच हुबा ऱ्हातो. मोड माजा जबडा, मी हात उचलनार न्हाई."

महिपतीने डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. देवळापलीकडे हलगी अजून वाजत होती. बारवेतून थंड, शेवाळी वास येत होता. समोर भिमाजीचा श्वास जड झाल्याचे त्याला स्पष्ट ऐकू येत होते. तो वाट पाहत राहिला. बराच वेळ गेला, आणि अखेर त्याचा धीर सुटला.

"कवाचा हुबा हाय मी," तो डोळे न उघडताच ओरडला, "धर की आता बोट!"