मुलीचा ताबा

"साल सांगा, नाहीतर बाजूला व्हा," कोर्टाचा रेकॉर्डकीपर म्हणाला. "मागे रांग आहे."

"मी सात वर्षांची होते, ते साल."

"तुमचं सातवं वर्ष सरकारी वहीत नोंदवायचं राहून गेलंय, बाई."

रांगेत कोणीतरी हसलं. तिने वळून बघितल्यावर हसणं थांबलं. ती लिफ्ट दुरुस्त करायची. अडकलेल्या लोकांच्या शिव्या ऐकत काम करायची सवय होती तिला. असल्या टोमण्यांनी तिचं काय वाकडं होणार? तिने बोटांवर हिशेब करून आईबापाच्या घटस्फोटाचं साल सांगितलं, त्यांची नावं सांगितली.

तिची ही तिसरी खेप. पहिल्या दिवशी नकलेच्या अर्जावर आईची सही मागितली. आई मागच्या वर्षी गेली म्हटल्यावर मृत्यूचा दाखला मागितला. दुसऱ्या दिवशी दाखला आणला, तर खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता आणि संध्याकाळपर्यंत जेवतच होता. लोकांचे संसार मोडल्याचे कागद जपायचे म्हणून पगार घेतात, आणि मागायला गेलं की भीक मागितल्यासारखं बघतात.

तिकडे हॉस्पिटलात तिच्या बापाकडे चारच दिवस उरले होते. आत्याचा फोन आला होता, "तो बोलावतोय तुला, एकदा भेटून जा गं."

तेहतीस वर्षांत ज्याने तोंड दाखवलं नाही, त्याला भेटायचं? ती म्हणाली होती, "येते. पण कागद घेऊन येते."

कागद एकच हवा होता. लहानपणी तिने जेव्हा जेव्हा विचारलं, बाबा का येत नाहीत, तेव्हा आईने एकच वाक्य सांगितलं: कोर्टाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, मुलगी नको. तेवढं बोलून आई उठायची आणि काहीतरी काम काढायची. ते वाक्य तिला शिक्क्यासकट पाहिजे होतं. बापाच्या उशाशी उभं राहून मोठ्याने वाचायचं आणि निघून यायचं. त्याने ऐकून मरावं, एवढीच इच्छा.

रेकॉर्डकीपरने आतून गठ्ठा आणला आणि टेबलावर आपटला. धूळ दोघांच्याही नाकात गेली.

"कोर्टात पहिल्यांदाच?"

"कधी पायरी चढले नव्हते. या माणसापायी चढावी लागली."

"नुसता हुकूमनामा देऊ की सगळी फाईल?"

"बापाने मला नको म्हटलं, तेवढं पान."

त्याने चष्मा लावला. पानं एकमेकांना चिकटली होती, ती तो फुंकर मारून सोडवत गेला. शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या पानावर आला.

"असं पान नाही."

"नीट बघा."

"बाई, तीस वर्षं हेच बघतोय. वडिलांनी तुमचा ताबा मागितलाय. दोनदा मागितलाय. कोर्टाने दिला नाही. वर भेटायलाही बंदी घातली."

"का म्हणून?"

"मुलीच्या जबाबावरून."

त्याने पान तिच्यापुढे सरकवलं. आईबापाला बाहेर ठेवून न्यायाधीशांच्या खोलीत घेतलेला जबाब. *बाबा मला पट्ट्याने मारतात. मला त्यांच्याकडे जायचं नाही.* खाली तिचं नाव, प्रत्येक अक्षर वेगळ्या मापाचं.

"मारायचे?" त्याने हळूच विचारलं. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आठवायला गेली तर बापाच्या खांद्यावर बसून वरून दिसलेलं जग तेवढं आठवलं.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही." मग दात आवळून, "आईने पढवलं असणार. जन्मभर माझ्यासमोर बिचारी होऊन राहिली ती."

फोन वाजला. आत्या.

"आता नको येऊस," आत्या म्हणाली. "मघाशी गेला."

तिने जबाबाचं पान उलटं ठेवलं.

"आणि एक सांगते. तुझ्याशी खोटं बोलले मी. त्याने नव्हतं बोलावलं तुला. मीच बोलावत होते. तो नकोच म्हणत होता, अगदी शेवटपर्यंत."

तिने फोन खिशात टाकला. कोरडं हसली.

"बाप गेला माझा. शेवटपर्यंत नकोच म्हणत होता म्हणे. काय करू आता तुमच्या कागदाचं?"

रेकॉर्डकीपर गठ्ठा बांधायला लागला, मग थांबला. "निकालानंतरचे दोन कागद आहेत अजून. दाखवू?"

तिने हात पुढे केला.

पहिला आईचा अर्ज होता, निकालानंतर महिन्याने केलेला. *मुलगी खोटे बोलली. तिला कोणी शिकवले नाही. माझ्या वकिलांचे बोलणे तिने दाराआडून ऐकले आणि मला सोडून जावे लागेल या भीतीने स्वतःच तसे सांगितले. काल रडत माझ्याजवळ तिने कबुली दिली. नवऱ्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. तिला पुन्हा बोलावून विचारावे, ही विनंती.*

दुसरा कागद म्हणजे त्या अर्जावर बापाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं उत्तर. चारच ओळी.

*माझी हरकत आहे. एवढ्याशा पोरीला कोर्टात उभी करून खोटी ठरवू नये. स्वतः काय बोलली ते ती विसरेल, तिला विसरू द्यावे. मोठी झाल्यावर तिने कधी विचारलेच, तर बापालाच ती नको होती, एवढेच तिच्या आईने सांगावे.*