शेळ्यांची कडी

"घंटी नको, मॅडम," प्रीती म्हणाली.

शिखाने पाना खाली ठेवला. आष्टीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत, टेबलावर उभ्या केलेल्या नमुन्याच्या दारावर तिने एवढ्यातच पितळेची घंटी बसवली होती. कडी सुटली की टणटण! तिला स्वतःलाच ही कल्पना जाम आवडली होती.

"अगं, शेळ्या आगीतून बाहेर आल्या हे घरच्यांना कळायला नको?"

"आवाजानं बिचकतात त्या. बिचकल्या की परत आत पळतात."

आता शेळीची सवय शेळीवाल्यालाच ठाऊक. शिखाने घंटी काढून पर्समध्ये टाकली.

शिखा मूळची इकडचीच, जालन्याची, आता पुण्यात डिझायनर. तिची संस्था शाळाशाळांतल्या मुलांकडून यंत्रांची चित्रं मागवायची आणि त्यातली काही खरीखुरी बनवून द्यायची. मुलांची डोकी म्हणजे काय विचारता! एकाने दप्तर उचलणारा रोबोट काढला होता, एकीने भाकरी थापणारा पंखा. आणि नववीतल्या प्रीतीने काढलं होतं फक्त एक दार. शेळ्यांच्या खोलीला आग लागली, तर शेळ्यांना आतून उघडता येईल असं. आत एक फळी. ती रेटली की तार ओढली जाणार आणि बाहेरचा कोयंडा चौकटीतून अलगद सुटणार.

"कुलूप लावलेलं असलं तरी?" शिखाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तरीबी. चोऱ्या लई होतात, कुलूप तर लागतंच."

"आणि फळी इतक्या उंचावर?"

"शेळी दोन पायांवर उभी राहून लिंबाचा पाला खाती की, मॅडम. तुम्ही खरंच जालन्याच्या ना?"

शिखा खो खो हसली होती. "बरं बाई. फळी रेटणारीचं वजन किती धरू?"

"बेचाळीस किलो."

"शेळी आहे का म्हैस?"

"खुराक चांगला हाय."

प्रीती मात्र हसली नव्हती. या यंत्रांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात होतं, पण तिला कडी याच आठवड्यात हवी होती.

"घरी लग्न हाय, मॅडम. दारापुढंच फटाके उडवतेत, अन् खोलीला लागून कडब्याची गंजी. एक ठिणगी पडली तर... मंग काहीच करता येणार न्हाई."

"कुणाचं लग्न?"

"बहिणीचं."

शिखाने दुसरी सगळी कामं बाजूला सारली. पण कडी ऐकेल तर ना! कधी स्प्रिंग निसटायची, कधी तार अडकायची. प्रत्येक वेळी प्रीती खांदा लावून फळी रेटायची, पुन्हा रेटायची. तळहात लाल झाले तरी थांबायची नाही. शेवटी आज, घंटी काढल्यावर, कोयंडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

"उद्या बसवाल ना? बिलकुल उद्याच?"

"अगं हो! शेळ्यांवर इतका जीव?"

प्रीतीने दप्तर आवरायला घेतलं.

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. तिचे वडील रामकिसन. रोज सोडायला यायचे, न्यायला यायचे, मधल्या सुट्टीतही फाटकाशीच बसून असायचे.

"नशीबवान आहेस हं. पप्पा किती जपतात!"

"हो," प्रीती म्हणाली. "लई जपतेत." दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, तुम्ही परतूरला रेल्वेत कधी बसणार?"

"उद्याच. इथून गाडीने परतूर, तिथून रेल्वे. का गं?"

"असंच."

दुसऱ्या दिवशी शिखा पोचली तेव्हा मांडवात हळद नुकतीच उरकली होती. आत्या पिवळ्या, माम्या पिवळ्या, प्रीती तर कानापर्यंत पिवळी. हळदीत काय, सगळेच माखतात.

"या या, मॅडम!" रामकिसन पुढे झाले. "पोरीला शाळेतून बक्षिसात ही कडी मिळाली म्हणे. बसवा, बराबर बसवा. मजबूत हाय ना?"

"एकदम."

ते आचाऱ्याकडे निघून गेले. प्रीती शिखाला मागच्या खोलीकडे घेऊन गेली. खोली लख्ख सारवलेली. कोपऱ्यात एक सतरंजी, एक पाण्याचा तांब्या.

"आणि शेळ्या?"

"मामाच्या रानात नेल्यात. लग्न झालं की येतील."

कडी बसली. प्रीती आत गेली, शिखाने बाहेरून कडी घालून कुलूप लावलं. क्षणभर काहीच नाही. मग कोयंडा सुटला आणि दार उघडलं. एवढासाही आवाज नाही! उंबऱ्यावर प्रीती उभी होती आणि हमसून हमसून रडत होती.

शिखाचेही डोळे भरले. आपल्या डोक्यातली वस्तू खरी झालेली बघितली की मुलं रडतातच. तिने कोयंडा परत चौकटीत बसवला.

चहा होईतो रामकिसन आले. त्यांनी कडी दोनदा हिसडून पाहिली आणि खूश झाले.

"आता शेळ्यांची काळजी मिटली," शिखा म्हणाली.

"कुठल्या शेळ्या? आमच्या घरात शेळी कधीच नव्हती, मॅडम." त्यांनी प्रीतीचा दंड धरला. "चल गं आत. हळद लागल्यावर नवरीनं बाहेर हिंडू न्हाई."

दार लागलं. कुलूप लागलं. किल्ली खिशात गेली.

"मागं एकदा पळाल्ती ना," ते हळूच म्हणाले. "ही कडी आतून तर उघडत न्हाई ना?"

शिखाने पर्समध्ये हात घातला. घंटी मुठीत घट्ट आवळून धरली, वाजू नये म्हणून.

"बिलकुल नाही," ती म्हणाली.