हुसेनबीचा नवस

अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत हुसेनबीचा दस्तगीर मामासोबत कराचीला निघून गेला, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. गावच्या जत्रेतली धावण्याची शर्यत तो जिंकला, की सगळं तेर गाव त्याला खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर मिरवायचं. दिवेलागण झाली तरी घराकडं सोडायचं नाही.

साठ साली तोच दस्तगीर पाकिस्तानकडून भारताविरुद्ध शंभर मीटर धावणार होता. ऐकायला चावडीतल्या रेडिओभोवती गाव जमलं. हुसेनबी पदराखाली काहीतरी धरून दाराशीच उभी राहिली. तिला कुणी 'या, बसा' म्हणालं नाही.

दस्तगीर हरला. लोकांनी टोप्या उडवल्या, आणि तेवढ्यात हुसेनबी पुढं येऊन पदराखालचा गूळ वाटायला लागली.

सरपंच ज्ञानोबांचे डोळे भरून आले. "चाची, पोटच्या पोरापरीस देस मोठा मानला तुमी."

"देसाचं मला काय कळतंय, लेका?" ती त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवत म्हणाली. "त्यो हरावा म्हणून म्या नवस बोलले होते."

"पोरगं हरावं म्हणून? का वो?"



"जत्रेत जिंकला, की तुमी त्याला मिरवत न्यायचे. हरला, की रडत रडत थेट घरला यायचा."