जाईचा मांडव

मुळशीच्या वाडीवरून काकड्या विकायला पुण्यात आलेली गोजरा कसब्यातल्या एका दारासमोर थांबली, ती थांबलीच. दारावर जाईचा मांडव होता, फुलांनी नुसता लगडलेला. डोईवरची पाटी उतरवायचंही तिला भान राहिलं नाही.

"येणारं जाणारं थांबतंच बघा इथं," दारातली बाई कौतुकानं म्हणाली.

"लई देखणा हाय. बांधला कुणी?"

"आमच्या ह्यांनी. आख्खा मांडव एका दोरीत."

"नाव काय त्यांचं?"

"इश्श! नाव कसं घेऊ?" बाई लाजली.

गोजरा फुलांकडं बघतच नव्हती. तिच्या वाडीत राखणीची खोप अशीच एका दोरीत बांधत. सुगी सरली की दोरीचं टोक ओढायचं, सगळी खोप खाली. ते टोक कुठं दडवायचं, हे ज्याच्या त्याच्या घरचं गुपित. गोजरानं डाव्या खांबामागं, वीतभर वर हात घातला. टोक तिथंच होतं. तिनं ते सगळा जोर लावून ओढलं.

मांडव फुलांसकट उंबऱ्यावर कोसळला. बाई किंचाळून मागं सरली. "अगं मेले, हे काय केलंस?"

गोजरानं पाटी सावरली.

"कुशाबाला सांगा, गोजरा येऊन गेली."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव तिनं आज पहिल्यांदाच घेतलं.