चार्जिंगला लावलेला फोन

मोहर्लीच्या सफारी गेटवर साहेबांनी आपला फोन ड्रायव्हर रहीमच्या हातात दिला. आत जंगलात मोबाइल न्यायला बंदी. "अठराच टक्के उरलंय. चार्जिंगला लावून ठेवा," म्हणाले आणि टोपी सावरत जिप्सीत चढले.

रहीमने वायर गाडीच्या पुढच्या यूएसबीत खोचली. चावी अर्धी फिरवून ठेवली तरच तिथे करंट येतो, आणि वर एसी लावला तर बॅटरी बसायची भीती. म्हणजे जिप्सी परत येईपर्यंत चारही काचा खाली करून एप्रिल अंगावर घ्यायचा. पर्यटकांना वाघ, ड्रायव्हरला घाम, ही वाटणी ठरलेलीच. बाकीचे ड्रायव्हर चिंचेखाली पत्ते कुटत होते. रहीम मूल गावचा, या गेटवर नवा. त्याला अजून कोणी डावात घेतलं नव्हतं. सकाळी नागपूरहून निघाल्यापासून त्याच्याशी कोणी धड बोललंही नव्हतं. साहेबांचं बोलणं म्हणजे 'गाणी बंद करा' आणि 'जरा हळू घ्या'.

फोन वाजला. वायर जोडलेली असल्याने गाडीच्या स्क्रीनवरच नाव आलं: आई. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिंचेखालचे वळून बघू लागले. आवाज कमी करायला म्हणून रहीमने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. गाडी मालकाने मागच्याच महिन्यात घेतलेली, बटणं अजून बोटांना ठाऊक झाली नव्हती. भलतंच दाबलं गेलं.

"उचललास एकदाचा," गाडीभर आवाज घुमला.

"नाई, मी..."

"आधी ऐकून घे. रोज माझं अर्धंच होतं आणि तू ठेवतोस."

रहीमने घाईघाईने काचा वर केल्या. दुसऱ्याच्या आईचं बोलणं चव्हाट्यावर नको. मध्ये जरा फट मिळाली की सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. पण बाईंनी फटच ठेवली नाही. खिचडी कितीही कमी टाकली तरी एकटीला जास्तच होते. शेजारच्या सुलभाताई मुलीकडे कायमच्या गेल्या, आता जिन्यात कोणाची चप्पल वाजत नाही. टीव्ही लावते, पण बघत नाही. मग डोळ्यांचंही सगळं सांगून झालं. रहीम "हं" म्हणत राहिला. हळूहळू त्याला सांगावंसंच वाटेना. खरं म्हणजे त्याला बरं वाटत होतं.

"आवाज बसलाय तुझा. एसीत झोपू नकोस," त्या म्हणाल्या.

"हं," रहीम मानेवरचा घाम पुसत म्हणाला.

"तर गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. सकाळी साडेसातला बोलावलंय. सोबत कोण येणार, म्हणून फॉर्म भरताना विचारलं. मी म्हटलं, मुलगा. येशील ना?"

इथे नुसतं हं चालण्यासारखं नव्हतं. आणि आता खरं सांगावं, तर इतका वेळ आपण एका परक्या माणसापाशी मन मोकळं केलं, हे बाईंना कळणार.

"हो," तो म्हणाला.

पलीकडून "बरं," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

उन्हं कलल्यावर साहेब परतले ते खुशीत. वाघीण दिसली होती, बछड्यांसकट. फोन भरलेला बघून आणखी खूश झाले.

"साहेब, एक चुकी होऊन गेली." रहीमने गाडी सुरू न करताच सांगितलं. "तुमच्या आईचा फोन आल्ता. माह्या हातानं बटन दाबल्या गेलं. त्याइले वाटलं, तुम्हीच बोलून राह्यले."

साहेबांनी स्क्रीन बघितली. "चौदा मिनिटं?" आता ते भडकणार, असं रहीमला वाटलं. पण ते हसले. "बरं झालं. म्हणजे आजचा फोन झाला."

"गुरुवारी त्याइच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. येशील का म्हणे. मी हो म्हणून देलं."

साहेबांचं हसू गेलं. "तुम्ही कोण हो म्हणणारे? चला आता."

रहीमने गाडी काढली. दोन्ही बाजूंनी बांबू मागे जात होता. साहेब फोन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी दोनदा आईचा नंबर काढला आणि दोन्ही वेळा नुसता बघत बसले. फॉरेस्टचा नाका मागे पडला, रस्त्याला धानाची रिकामी शेतं लागली.

"कोणत्या डोळ्याचं म्हणाली?" त्यांनी बाहेर बघतच विचारलं.

"उजव्या," रहीम म्हणाला. "डाव्यानं तर त्याइले दोन सालापासून दिसत नाई, साहेब."