नानांची तीन वाक्यं

नाना कडक इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. हास्यक्लबातले चार मित्र शेजारी होते आणि टीपॉयवर पेढे. आयुष्यभर हौशी नाटकांत भालदार-चोपदार केलेल्या नानांना सत्तराव्या वर्षी एका जाहिरातीत चक्क तीन वाक्यं मिळाली होती.

जाहिरात म्हाताऱ्या माणसांच्या डायपरची होती. ती पाहून ऑफिसातले लोक हसले, तेव्हा नानांच्या मुलाला, हेरंबला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सकाळी घरच्या स्मार्ट टीव्हीवर ती लागताच त्यानं 'ही जाहिरात पुन्हा दाखवू नका' हे बटण गुपचूप दाबून टाकलं होतं.

"थांबा, या मालिकेत हमखास लागते," नाना म्हणाले. मसाल्याची लागली, साबणाची लागली, गुडघ्याच्या तेलाची तर दोनदा लागली. मालिका संपली. पेढ्यांना कोणी हात लावेना.

"काढून टाकली वाटतं कंपनीनं," नाना म्हणाले. "माझंच काम कच्चं पडलं असणार."

हेरंब मागेच उभा होता. त्याचा उतरलेला चेहरा पाहून नाना आणखीच खजील झाले.

"तुला कळलं होतं का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "मग सांगायचंस की. मी यांना बोलावलंच नसतं."